पाट न आलेले गणपती

माझं कुणी ऐकलंच नाही, हे आधी लिहून ठेवते! चौथी शिकलेल्या बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळणार, म्हणे. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. सीझन संपला की कोपऱ्यात तुटके हात, सोंडा, उंदीर साठतात, तसे किस्सेही साठतात. कॉम्प्युटरच्या वर्षी तर ढीगच!

*

कॉम्प्युटर आणला माझ्या दिरानं, विनूभावजींनी. त्याला काचेची खोली, त्याला पंखा. डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बाहेर घामाघूम! मी म्हटलं, "भावजी, ह्याचं विसर्जन कितव्या दिवशी?"

*

प्रोग्राम लिहिणारे पाटणकर रोह्याजवळ वरसेला राहायचे. त्यांनी तिकडे काही बदललं की ते फोनच्या तारेतून आमच्याकडे यायचं. मशीन आपणच एक खोटी ऑर्डर घालून बघायचं. जमलं, की नवा प्रोग्राम आमच्या ऑर्डरींच्या डेटाबेसला जोडून मोकळं! माणसाचा हात लागायचा नाही.

मी पाटणकरांना विचारलं, "आणि ती खोटी ऑर्डर?"

"आपोआप पुसली जाते, काकू. मशीन विसरत नाही!"

फोन आता आधी कॉम्प्युटरच उचलायचा. नागोठण्याची बहीण फोन करी, तर तिच्या कानात नुसती किंचाळी. "गो, तुज्याकडं कोन रडतंय?"

"भावजींचा कॉम्प्युटर. जेवतोय!"

*

मग ऑर्डरींत एक गिऱ्हाईक निघालं. दामोदर ठोसर, वरसे. मोरावर बसलेला, फेटेवाला गणपती. थोड्या दिवसांनी त्याच्याच नावानं आणखी एक. मग आणखी! शेडमध्ये मोरांची रांग लागली. कारागीर मोरांची पिसं रंगवतायत, आणि वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांचे गणपती बिनरंगाचे उभे. चतुर्थी तोंडावर! कारखान्याचं नाव जायची वेळ.

आमच्याकडे गिऱ्हाईक घरचा पाट आणून देतं, त्याच्यावर मूर्ती बसते. मी भावजींना विचारलं, "ठोसराचा पाट कुठाय?"

"वहिनी, पाटबिट जुनं झालं! कॉम्प्युटरमधी हाय म्हंजे मानूस हाय."

"एका मानसाला येवढे गणपती?"

"मंडळ असंल!"

*

एसटी पकडून मीच वरसेला गेले. पत्ता शोधून दार वाजवलं, तर दारात पाटणकरांची बायको!

"ठोसर? अहो, ते आमच्या ह्यांनी मनानं रचलेलं नाव. प्रोग्राम तपासायला. पत्ता आमचाच घातलाय."

"मग तुमचे गणपती कधी नेताय?"

"आमचा एकच असतो, दीड दिवसाचा!"

मशीन खोट्या ऑर्डरी पुसायचं विसरत होतं. पाटणकरांना तसंच एसटीत घातलं, पेणला आणून खुर्चीत बसवलं. "शिकवा ह्याला! आधी विचारायचं, पाट आला का? नाय आला तर ऑर्डर नाय!"

तेव्हापासून काचेच्या खोलीतलं ते मशीन माझाच प्रश्न विचारतं. चतुर्थीला प्रत्येक पाट गणपतीसकट घरी गेला. मोर मी नागोठण्याच्या बाजारात उभं राहून विकले, सगळे!

*

भावजींनी मात्र गावभर सांगितलं, "वरसेचं गिऱ्हाईक होतं. ऑर्डर देऊन फिरलं!"

पुढच्या सीझनला शेजारच्या कारखान्याचे म्हात्रे आले. हळूच म्हणाले, "वहिनी, तो वरसेवाला आमच्याकडं आला तर दारातनंच हाकलतो. नाव तेवढं सांगा."

मी भावजींकडे पाहिलं. भावजी एका नव्या मोराची चोच घासत बसले.

म्हटलं, "घ्या लिहून. दामोदर ठोसर!"