न खाल्लेला दहीभात

आमच्या बोस्टनजवळच्या श्रूजबरीच्या घरात बॅगा भरायचं काम बायकोचं. ती वजनकाटा घेऊन बसते, मी फक्त झिप लावतो. गेल्या वर्षी मलेशियाला निघताना तिनं माझ्या बॅगेतले दोन शर्ट बाहेर काढले आणि त्या जागी बेसनाच्या लाडवांचा डबा बसवला. डब्यावर हिरवा खण ठेवला, आणि खणाच्या घडीत हळद-कुंकवाच्या पुड्या.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला म्हणजे? पेनांगच्या काकूंना. ओटी भरायचीय त्यांची. नारळ तिथेच घेऊ. लाडू काकांना."

मी झिप लावली. पेनांगचे काका आणि काकू या जगात नव्हते. ते मी तयार केले होते आणि अकरा वर्षं सांभाळले होते.

हे पहिल्यापासून सांगतो. मी बोलका माणूस नाही, आणि हे तर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आमच्या ग्रीन कार्डाची फाइल अडकून पडली होती. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला त्याचा तक्ता महिन्याच्या महिन्याला निघायचा आणि आमच्या रांगेची तारीख जागच्या जागी बसलेली असायची. तेव्हा बायकोनं तिच्या गावच्या देवीला नवस केला. कार्ड हातात येईपर्यंत आपण दोघांनी मासे सोडायचे. मासे म्हणजे सगळंच आलं: कोळंबी, तिसऱ्या, सुकट, जवळा. ती मालवणकडची, मी अलिबागचा. आमच्याकडून देवीला द्यायला यापेक्षा मोठं काही नव्हतं. मी हो म्हणालो आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडले. नवस फेडून होईपर्यंत तो कुणाला सांगायचा नसतो, म्हणून पार्ट्यांमध्ये आम्ही नुसतं "सध्या सोडलेत" म्हणायचो आणि लोक कोलेस्टेरॉलची चौकशी करायचे.

चौथ्या महिन्यात ऑफिसनं मला पेनांगला पाठवलं. तिथे चिप तपासण्याचा कारखाना आहे आणि दर वर्षी दोन-तीन आठवडे जावं लागतं. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलमागच्या गल्लीत गेलो. वर पत्रे, खाली प्लास्टिकची टेबलं, भोवती आठ-दहा गाड्या आणि प्रत्येक गाडीवर एकच पदार्थ. ज्याला जे हवं ते त्याच्या गाडीवर सांगायचं, टेबलाचा नंबर द्यायचा आणि येऊन बसायचं. एका गाडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. वास आला आणि मी जागेवर थांबलो. बांगडा होता. चिंचेच्या कोळात शिजून विरघळलेला, आमच्याकडच्या तिखल्याचा लांबचा भाऊ शोभेल असा.

चुकून खाल्लं, असं लिहायला हात शिवशिवतोय. चुकून नाही खाल्लं. गाडीवरच्या बाईंना मी विचारलं, मासा आहे का. त्या म्हणाल्या, आहे, भरपूर आहे. मी म्हटलं, द्या.

त्याला आसाम लाक्सा म्हणतात. जाड पांढऱ्या शेवया, आंबट-तिखट रस्सा, वर पुदिना, काकडी, अननसाचे तुकडे, आणि चमच्यात वेगळी दिलेली कोळंबीची काळी गोडसर चटणी. मी वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळाचा रस्सासुद्धा प्यालो. समोरच्या टेबलावरच्या आजोबांनी मान डोलावली, जणू परीक्षेत पास केलं.

हॉटेलवर परतलो तर फोन. माझं रात्रीचं जेवण आणि तिचा सकाळचा चहा एकाच वेळी होतो.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

आपल्याकडे हा प्रश्न उडवून लावता येत नाही. येताना कोपऱ्यावर केळीच्या पानावर जेवण देणारं एक तमिळ हॉटेल दिसलं होतं. मी म्हणालो, "दहीभात. केळीच्या पानावर. बरोबर कारल्याच्या तळलेल्या चकत्या."

"अगं बाई, छान. कोण चालवतं?"

"एक काका आहेत. काकू स्वयंपाक करतात."

झालं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला एकाऐवजी दोन पापड वाढले. त्या आठवड्यात काकांच्या एका मुलीचं लग्न ठरलं. पुढच्या वर्षी काकांचा गुडघा दुखायला लागला, त्याच्या पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं. बायकोनं काकूंकडून लोणच्याची कृती मागवली, ती मी इंटरनेटवरून उतरवून दिली आणि आमच्या घरात ते लोणचं अजून "काकूंचं लोणचं" म्हणून बरणीत असतं.

इकडे मी खात होतो. लोखंडी कढईत मोठ्या आचेवर परतलेल्या पट्टीदार शेवया, त्यात कोळंबी आणि तिसऱ्यांच्याच जातीतल्या शिंपल्या. केळीच्या पानात भाजलेला मसाला लावलेला पाकट मासा. सकाळी नाश्त्याला नारळाच्या दुधातला भात, त्यावर तिखट चटणी आणि कुरकुरीत बारीक मासळी, सगळं पानात त्रिकोणी बांधलेलं. रस्त्याकडेच्या बाकावर बसून मी ते सोडायचो तेव्हा मला शाळेचा डबा उघडल्यासारखं वाटायचं. सुखी होतो, हे कबूल करतो. परतीच्या विमानात मात्र तोंड कडू व्हायचं.

त्यात एका वर्षी आमची तारीख पुढे सरकायची सोडून मागे गेली. ऑफिसातले सगळे सरकारला शिव्या देत होते. आदल्याच आठवड्यात मी तो पाकट मासा खाल्ला होता. मी इंजिनिअर आहे, कार्यकारणभाव मला कळतो. तरी कॉम्प्युटरसमोर बसून मी हिशेब लावत होतो की अख्ख्या रांगेतल्या लोकांना मी मागे ढकललं की काय.

शेवटी अकरा वर्षांनी कार्डं आली. बायकोनं वूस्टरच्या बाजारातून सुरमई आणली, तळली आणि पहिली तुकडी माझ्या तोंडात घातली. तिचे डोळे भरले होते. "अकरा वर्षं रे," ती म्हणाली. "कशी लागते?" मी डोळे मिटून "आहा" म्हणालो. आयुष्यात एवढं वाईट काम दुसरं केलं नाही. त्याच दिवशी ती म्हणाली, गावी जाऊन नवस फेडू, पण वाटेत पेनांगला उतरू. त्या दोघांनी तुला सांभाळलं, त्यांना भेटल्याशिवाय कसं जायचं.

तर आम्ही पेनांगला पोचलो. मी, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी. सकाळी बायको सुती साडी नेसून तयार झाली. बाजारात जाऊन तिनं पाच नारळ कानाशी हलवून पाहिले आणि सहावा घेतला. मी पिशवी धरून मागे उभा होतो. विमानात सांगू, असं ठरवलं होतं. मग हॉटेलवर. मग नारळ घेण्याआधी. आता कोपऱ्यावरच्या हॉटेलपर्यंत पाच मिनिटांचा रस्ता उरला होता.

वाटेत माझी ती गल्ली लागली. पत्रे तेच, पातेलं तेच.

"इथे जरा बसू," मी म्हणालो.

"काकू वाट बघतील."

"नाही बघणार. बस."

गाडीवरच्या बाईंनी मला ओळखलं नाही. त्या ओळखतील ही धास्ती मी बोस्टनपासून घेऊन आलो होतो, आणि त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. म्हणजे मी सुटलो होतो. कोपऱ्यावर जाऊन "काका गावी गेलेत वाटतं" एवढं म्हटलं की संपलं असतं. पण टेबलावर तो नारळ ठेवला होता, शेंडी वर करून, माझ्याकडे तोंड करून.

लाक्साचे तीन वाडगे आले. बायकोनं चमचा उचलला. मी म्हणालो, "थांब. आधी ती काळी चटणी ढवळून घे. आणि सावकाश खा, मधेच एखादा काटा येतो."

"तुला काय माहीत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चौथ्या महिन्यापासून. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं वाडग्यातून मान वर केली नाही. मुलगी हातात फोन घेऊन बसली होती, तिनं तो हळूच उलटा ठेवला.

"बांगडा आहे," बायको म्हणाली.

"हो."

"ताजा आहे." आणखी दोन घास गेले. "मग काका?"

"नाहीत."

"काकू?"

"त्याही नाहीत."

"लोणचं?"

"इंटरनेट."

"आणि गुडघा? मी त्या गुडघ्यासाठी देवापुढे दिवा लावलाय."

"गुडघा माझ्या मॅनेजरचा होता. तो बरा आहे आता."

मुलगी खोकल्याचं निमित्त करून हसली. "बाबा, यू आर सो बस्टेड."

"तू खा गं," बायको तिला म्हणाली आणि चमचा खाली ठेवला. "एक सांगू? आईनं शेवटचं स्वतःच्या हातानं केलं ते तिसऱ्यांचं सुकं. मी गावी गेले होते म्हणून. सकाळभर तिसऱ्या उघडत बसली होती. मी पानात वाढू दिलं नाही. का ते सांगताही येईना, नवस बोलायचा नसतो. तिला वाटलं, मुलीला आता अमेरिकेत राहून आपल्या हातचं चालत नाही."

मी म्हणालो, "चुकलो." आवाज इतका बारीक निघाला की तिला "काय?" म्हणून पुन्हा विचारावं लागलं, आणि मला ते दोनदा म्हणावं लागलं. बरंच झालं.

तिनं वाडगा संपवला. तळाचा रस्सा, दोन्ही हातांनी उचलून. समोरच्या टेबलावर कुणी आजोबा नव्हते, नाहीतर तिलाही पास केलं असतं. मग पदरानं तोंड पुसून उभी राहिली. "ऊठ. ते केळीच्या पानाचं हॉटेल तरी आहे का, का तेही नाही?"

"ते आहे. पण आता कशाला?"

"बाहेर काढलेली ओटी परत नेत नाहीत. आणि तू अकरा वर्षं जे जेवलास म्हणालास, ते आज माझ्यासमोर जेवणार आहेस."

कोपऱ्यावरच्या त्या हॉटेलात मी पहिल्यांदा पाय ठेवला. गल्ल्यावर एक तरुण मालक होता आणि वाढायला पन्नाशीच्या एक बाई, कुडत्यावर ॲप्रन बांधलेल्या. बायकोनं त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाही, चांगल्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या पोटाची काळजी मी अकरा वर्षं तुमच्यावर सोपवली होती. बाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे. पण हळद-कुंकू पाहिल्यावर त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी हात धुतले, ॲप्रन ओंजळीसारखा पुढे धरला आणि खण, नारळ त्यात घेतले. लाडवांचा डबा मालकाला मिळाला. त्यानं तिथेच उघडून एक तोंडात टाकला.

मग मी दहीभात जेवलो. कारल्याच्या चकत्या खरंच होत्या, कुरकुरीत, आणि इतकी वर्षं त्यांचं जे वर्णन केलं होतं त्यापेक्षा बऱ्याच चांगल्या होत्या. बाईंनी बायकोला तीन पापड वाढले, मुलीला दोन आणि मला एक. तिथे जेवल्यावर पान आपल्या बाजूला दुमडायचं असतं, म्हणजे जेवण आवडलं असा अर्थ. ते माझ्याआधी बायकोनं शिकून घेतलं.

देवीचं काय ते देवी बघेल, पण माझं मी सांगते, असं म्हणून तिनं शिक्षा ठरवली. त्या प्रवासात मी मासे खायचे नाहीत. ती खाणार, आणि कुठलं कुठे चांगलं मिळतं ते मी सांगायचं. आठवडाभर मी पुढे आणि त्या दोघी मागे, अशी वरात निघाली. मी गाडी दाखवायचो, टेबल धरायचो, काटे काढून द्यायचो. बायको खाता खाता विचारायची, "याच्यात काय घातलंय रे?" आणि मी अकरा वर्षांचं साठवलेलं बोलत सुटायचो. मुलगी म्हणाली, बाबांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं.

गावी देवीपुढे नारळ ठेवताना मी बायकोच्या मागे उभा राहिलो. तिनं मला कोपरानं पुढे ढकललं. "तूच बोल," ती म्हणाली. बोललो.

गेल्या महिन्यात पुन्हा ऑफिसच्या कामाला पेनांगला गेलो होतो. नेहमीच्या वेळी फोन आला.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

"लाक्सा."

"आणि?"

"आणखी एक लाक्सा."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "काकूंकडे गेला होतास?"

मला आधी कळलंच नाही कोणत्या काकू. "नाही अजून."

"मग उद्या जा. लाडू कसे झाले होते ते विचार. आणि तिथेच जेव, नुसतं तोंड दाखवून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी गेलो. लाडवात वेलची जरा कमी होती, वाढणाऱ्या बाई म्हणाल्या. या खेपेला पापड दोन वाढले.