मशीनचं काळीज

पोकलेनच्या पडद्यावर कोड आला की लोकांना वाटतं, मशीनने आपला रोग स्वतःच सांगून टाकला. मग ते सेन्सर बदलतात. तरी कोड आला की दुसरा सेन्सर बदलतात आणि शेवटी मला, मेकॅनिकला, बोलावून माझ्यावरच डाफरतात. माझं डोकं फिरतं. अहो, कोड म्हणजे नुसतं कण्हणं. कुठे दुखतंय ते हात लावूनच शोधावं लागतं.

आणि हे हात लावून शोधणं मला फार आवडतं. उन्हात मशीनला जोडलेल्या लॅपटॉपवरचं काही दिसत नाही, म्हणून मी डोक्यावरून दुपट्टा घेतो. आत हिरवट अंधार, त्यात सावकाश हलणारे आकडे. बाहेरचे आवाज लांब जातात. आपण जागे आहोत की नाही, असं वाटायला लागतं.

एकदा दिवाळीच्या आधी बुलढाण्याहून घाट उतरून मोताळ्याकडच्या एका खदानीवर गेलो होतो. कापूस फुटला होता, आणि गिट्टीची पांढरी धूळ वाऱ्यावर येऊन त्याच्यावरच बसत होती. कापूस कुठे संपतो आणि धूळ कुठे सुरू होते ते कळेना. त्या सगळ्या पांढऱ्यात ती पिवळी मशीन मान टाकून उभी होती.

मालकाने माझ्या हातात चावी दिली. "ऑइल प्रेशर दाखवून राह्यलं. या ऑपरेटरनं तेल न पाह्यता चालोली. तुम्ही फक्त तपासून हो म्हना. संध्याकाळी दुसरा ऑपरेटर येऊन राह्यला."

ऑपरेटर बाजूलाच उभा होता. मशीन नवी आली तेव्हापासून तीच चालवणारा, चाळिशीचा माणूस. तो एवढंच म्हणाला, "तेल मी रोज पाह्यतो, शेठ."

मालक पलीकडे क्रशरकडे निघून गेला. मी तेल पाहिलं, ते बरोबर होतं. मग दुपट्टा ओढून आत शिरलो. कोड एक नव्हता, तीन होते. तेलाचा दाब, हवेचा दाब, डिझेलचा दाब, तिन्ही एकाच क्षणी बेपत्ता. तीन सेन्सर एकदम मरत नाहीत. पण तिघांना पाच व्होल्ट एकाच वायरीतून मिळतात. ती वायर कुठेतरी लोखंडाला टेकत असणार.

मीटर ऑपरेटरच्या हाती दिला आणि आकडा मोठ्याने वाचत राहा म्हटलं. मी डोळे मिटून इंजिनावरच्या वायरींच्या जुडग्यावरून बोटं फिरवू लागलो, जरा हलवून, जरा दाबून. "पाच," तो म्हणे. "पाच." त्याच्या आवाजात आशा नव्हती आणि घाईही नव्हती. कुणीतरी झोके देतंय असं मला वाटत होतं. "पाच. पाच." कोमट रबर, तेलकट धूळ, पुन्हा रबर.

"गेले! शून्य!"

माझ्या बोटांना काहीतरी वाळकं, सुरकुतलेलं लागलं. डोळे उघडले. काळं पडलेलं लिंबू होतं, सोबत मिरच्या, बिब्बा. सगळं लोखंडी बांधणीच्या तारेत ओवून वायरींच्या जुडग्याला घट्ट पिळून बांधलेलं. मशीनच्या थरथरीने तार आत कापत गेली होती. मी तडकलो. "हा गाढवपणा कोणाचा?"

"आमच्या घरच्याईचा," तो म्हणाला. "मांगच्या साली दरड पडून कॅबिनवर धोंडा आला होता. शेठनंच काढलं मले बाहेर. दसऱ्याच्या पूजेले बायको आली अन् इचारलं, मशीनचं काळीज कुठी राह्यते? मी बॉनेट उघडून दाखोलं. तिनं तिथंच बांधलं."

मी तार सोडवली, वायर नीट करून तिच्यावर जाड नळी चढवली, कोड पुसले. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. लिंबू मी गुपचूप खिशात घातलं.

मालक आला. "वायर घासली होती," मी म्हटलं. "तेलाचा काही संबंध नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण ऑपरेटर म्हणाला, "शेठ, लिंबाची तार होती. आमच्या घरचं लिंबू होतं."

मला त्याचा असा राग आला! कशाला बोलावं माणसाने? मालक दरड पडलेल्या कड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तारेनं काऊन बांधलं बे? सुतानं बांधावं. अन् बाहेर, आरशाले." माझ्याकडून चावी घेऊन त्याने ती ऑपरेटरला दिली आणि नव्या माणसाला येऊ नको म्हणून फोन करत निघून गेला.

परत निघताना ऑपरेटरने मला घरी चहाला नेलं. त्याचं गाव वाटेवरच होतं. दाराशी पोचायच्या आत तो हळूच म्हणाला, "सायेब, लिंबाचं बोलू नोका. त्या धोंड्यापासून ती रातभर जागी राहे. बांधलं तवापासून झोपून राह्यली."

तिने चहा दिला. विचारलं, "काय झालं होतं मशीनले?"

"वायर घासली होती."

"मानसाले तं काही नाही झालं नं?"

"नाही."

"मंग होऊ द्या," ती म्हणाली. "लिंबू बांधेल हाय मी." ते माझ्या खिशात होतं. मी चहा संपवला आणि अजून अर्धा कप मागितला.