आधी मनगट

शालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात एका पहिलटकरणीच्या पोटाला लाकडी नळी लावून बसले होते. नंबर चुलतभावाचा होता आणि आत्या त्याच्याकडेच अंथरुणाला खिळून होती, त्यामुळे कळायचं ते कळलंच. तरी फोन वाजू दिला. बाळाचे ठोके नीट ऐकून झाल्यावरच उचलला. काम अर्धवट टाकून रडत बसले असते तर आत्याने मला फैलावर घेतलं असतं.

आत्याही नर्सच. संगमेश्वरच्या आतल्या वाड्यावस्त्यांत तिची नोकरी झाली. पोटात जीव कधी येतो यावर तिच्यासमोर बायकांचे वाद रंगायचे. कुणी म्हणे दिवस राहिले की, कुणी म्हणे हालचाल कळली की. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि लोहाच्या गोळ्या वाटायची.

मी नर्स व्हायच्या आधीची गोष्ट. मला सहावा महिना होता. दोन दिवस पोटात हालचाल नव्हती, म्हणून भर उन्हात कातळाचा उघडा सडा तुडवत, धापा टाकत तिच्याकडे गेले. तिने मला दम खाऊ न देताच नळी लावली. "वाजतायत गो ठोके. जा खुशाल." मी खुशाल गेले, आणि चार दिवस झबली शिवत बसले... मग रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळ त्याआधीच गेलं होतं. आत्याने ऐकली ती माझीच धडधडती नाडी.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र आठवड्याभरात आपणहून घरी आली. तिची अवस्था बघून माझ्या सासूबाईच कळवळल्या. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका विहीणबाय. सहा म्हयन्याचं ते, त्यात कुठला जीव आला होता?"

जीवच नव्हता म्हटलं की चूकही उरत नव्हती. आत्याने नुसतं हो म्हणायचं होतं.

"जीव होता," ती म्हणाली. "मागल्या म्हयन्यात मी या कानांनी ऐकलाय. माझी चूक झाकायला त्याला नाय म्हणू नका."

मी तोवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेव्हा उठून बसले आणि पहिल्यांदा पोटभर रडले. त्या घरात माझ्या बाळाला जीव म्हणणारी ती एकटीच होती, आणि चूकही तिचीच होती. तिला माफ करायला मला पुढे दोन वर्षं लागली. तिने घाई केली नाही.

त्यानंतर पोटुशी बाईचं मनगट हातात धरल्याशिवाय तिने कधी नळी कानाला लावली नाही. नाडी वेगळी, ठोके वेगळे, अशी खात्री पटली तरच बोलायची. मी नर्स झाले तेव्हा तिने मला पहिलं हेच शिकवलं, आणि निवृत्त होताना नळीही दिली. आता ठोके ऐकायला यंत्र आहे. तरी मी नळी लावते, आणि त्याआधी डावा हात मनगटाकडे जातो.

त्या दिवशी फोन वाजत असताना ती पहिलटकरीण म्हणाली, "सिस्टर, पोट बघताय तर हात कशाला धरलात?"

"ही तुझी नाडी," मी म्हटलं. "मला त्याचं ऐकायचंय."