बर्फाच्या पेटीतला प्रसाद

देवीने मला वाचवलं असं गावात म्हणतात. मी मान हलवतो. पण त्या दिवसांत देवी माझ्याकडे पाठ करून बसली आहे अशीच माझी खात्री होती, आणि तिला पाठ फिरवायला कारण मीच दिलं होतं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायचा सराव नाही. पण तोंडाने सांगवत नाही म्हणून कागदावर उतरवतो.

आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. कोणाचं लग्न अडलं, कोणाची म्हैस हरवली, की देवीपुढे उभा राहून त्यांच्या वतीने मी बोलायचो आणि कौल लावायचो. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालायची नाही हाही माझा नेम. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मुंबईला, त्याचं माझं बोलणं बंद. घरात बोलायला भिंती. मान आणि नेम, एवढंच काय ते माझं उरलं होतं आणि ते मी मुठीत आवळून धरलं होतं.

तिसऱ्या माळेला देवळात जाताना सड्यावर, उघड्या कातळावर, करवंदीचा काटा टाचेत मोडला. सुईने काढला, भोकात देवीचा अंगारा भरला, वर धोतराची चिंधी आवळली. ती चिंधी मग सोडलीच नाही. सहाव्या माळेला ताप चढला, अंग उन्हात भाजल्यासारखं लालभडक झालं. शेजारची वैनी म्हणाली, तात्या, दवाखान्यात चला. मी म्हटलं, देवीला विचारतो. देवळात गेलो आणि नऊ दिवस इथेच पुरे करू का, असा कौल लावला. डावी पडली. मी मनात म्हटलं, कळी नीट भिजली नसेल. परत लावली. परत डावीच. तिसऱ्या वेळी मी डावी कळी अंगठ्याने दाबून बसवली, चांगली घट्ट, आणि उजवी पडली. घरी येऊन वैनीला सांगितलं, देवी म्हणते, राहा. दुसऱ्यांचे कौल लावताना जन्मात कधी असं केलं नव्हतं. देवीच्या तोंडात मी माझा शब्द घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी पेज घेऊन आली तेव्हा मी पडवीत आडवा पडलो होतो. तिने रिक्षात घालून मला रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. नळ्या, मशीनची टिकटिक, वैनीला बाहेरच थांबवलेलं, आणि आजूबाजूला ओळखीचं एकही तोंड नाही. रक्ताचा दाब उतरत चालला होता. गाऱ्हाणं घालावं म्हणून तोंड उघडलं तर शब्द येईना. गावासाठी घडाघडा बोलणारा मी, स्वतःसाठी मुका. खोटा कौल घेतलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने मागायचं?

तिथली डॉक्टरीण चिपळूणची, माझ्या नातीच्या वयाची. टाचेची चिंधी तिनेच सोडून आत साचलेला पू काढला होता. थोडी शुद्ध आल्यावर मी तिला विचारलं, काट्याएवढ्या जखमेने मी मरतो कसा? ती स्टूल ओढून बसली. म्हणाली, बंद जखमेत जंतू वाढले, त्यांनी विष सोडलं, ते रक्तात गेलं. आपल्या रक्तात टी पेशी म्हणून राखणदार असतात. एकेकाला आपापला शत्रूच ओळखू येतो, म्हणून एरवी एका जंतूसाठी थोडेच जागे होतात. हे विष मात्र ओळख न पटवताच त्यातल्या कितीतरी जणांना एकदम उठवतं. ते सगळे मिळून रक्तात एवढा गोंधळ घालतात की शिरा सैल पडतात, दाब उतरतो.

"आजोबा, जंतूंपेक्षा तुम्हाला तुमच्याच राखणदारांनी जास्त मारलंय."

"म्हणजे चोरानेच देवळातला ढोल बडवला," मी बोललो. "गाव काठ्या घेऊन धावला आणि एकमेकांचीच डोकी फोडली."

ती हसली. म्हणाली, अगदी तसंच, आणि नंतर ते असे दमतात की खरा शत्रू आला तरी उठत नाहीत.

ती गेल्यावर छताकडे बघत पडलो. चार वर्षांपूर्वी शिमग्यात मुलगा चारचौघांत म्हणाला होता, बाबा, पालखी आता दुसऱ्या खांद्यावर द्या, तुमचे गुडघे दुखतात. त्याला माझ्या गुडघ्यांची काळजी होती. मला ऐकू आला तो अपमान. अंगातला सगळा गाव काठ्या घेऊन उठला. पुन्हा माझा उंबरा चढू नकोस, असं मी पोटच्या पोराला बोललो. तो चढला नाही. आणि त्यानंतर माझ्या आत कोणी उठलंच नाही, त्याची आठवण आली तरी.

जंतूंवरचं औषध चालू होतं. पण रक्तात उतरलेलं विष निकामी करायला आणखी एक औषध डॉक्टरणीला हवं होतं आणि ते कोल्हापूरला होतं. ते म्हणे माणसांच्या रक्तातून काढतात. मी विचारलं, कोणाच्या? ती म्हणाली, कितीतरी माणसांच्या, नावं मलाही ठाऊक नाहीत. मी म्हटलं, मग नको. उभ्या जन्मात कोणाच्या दारात वाटी घेऊन गेलो नाही.

ती रागावली नाही. "आजोबा, देणारे देऊन कधीच घरी गेले. तुम्ही फक्त नको म्हणायचं थांबवा."

मी डोळे मिटले आणि हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता, काही न सांगता नुसता पडून राहिलो. मनात म्हटलं, आई, आता तुला पाहिजे ती कळी पाड.

औषध आणायचं कसं, असा डॉक्टरणीचा फोन चालू असताना लादी पुसणाऱ्या मावशीने ऐकलं. ती मिरकरवाड्याची, मासळीच्या बंदरावरची. तिच्या शेजारचा एक मुसलमान गाडीवाला रोज मासळी घेऊन कोल्हापूरला जातो, तिने त्याला फोन लावला. दुपारी तो दारात उभा, हातात थर्माकोलची पेटी. साऱ्या खोलीत मासळीचा वास पसरला. मला म्हणाला, "घाबरू नका तात्या, टॉवेलात गुंडाळून आणलीय. बाटलीला बर्फ लागू दिला नाय." आणि गेलासुद्धा.

थेंब थेंब ते माझ्यात उतरत होतं. कोणाचं होतं? कोणी कोळी असेल, कोणी मास्तर, कोणी मी ज्यांच्या ओटीवर पाणीही प्यालो नाही त्यातला. सगळे माझ्या बाजूने भांडायला आले होते. दुसऱ्या दिवशी दाब वर आला. औषधांनी आला, डॉक्टरणीने आणला, की आणखी कोणी, मला वाद घालायचा नाही. तिसऱ्या दिवशी, वैनीने कळवलं म्हणून, मुलगा आला. पायाशी उभा राहिला. मी खूप काही बोलणार होतो. जेवलास का, एवढंच बोललो.

बरा झाल्यावर मिरकरवाड्याला त्या गाडीवाल्याला शोधत गेलो. मावशीने मला सांगितलं होतं, फोन आला तेव्हा तो परतीच्या वाटेवर मलकापूरला पोचला होता, तिथून गाडी वळवून पुन्हा कोल्हापूरला गेला. जेटीवर तो गाडी धूत होता. त्याने मला ओळखलंही नाही. ओळख सांगितली, हात जोडले, तर म्हणाला, "त्यात काय तात्या, गाडी रिकामीच होती."

मलकापूरचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. पण तिथे उभ्या उभ्या मला कळलं की रिकामं असलं तरच कोणाचं काही वाहून नेता येतं, आणि कोणी दिलेलं आत घेता येतं. मी सत्तर वर्षं काठोकाठ भरलेला होतो. देवीला पाय ठेवायलाही जागा ठेवली नव्हती. आता रोज सकाळी ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी हात जोडतो आणि गप्प बसतो.

निघताना त्याने दोन बांगडे कागदात गुंडाळले. मी पिशवी उघडून पुढे धरली.