पंपकाकांनी न दाबलेलं बटण

"तुमच्यातल्या एकानेही तोंड उघडायचं नाही. पंपकाकांना बोलवा, मी त्यांनाच विचारणार," बाजूच्या बिल्डिंगमधल्या मंदाताई आमच्या गेटवर ओरडत होत्या. मंदाताईंचा आवाज काय सांगू! त्यांनी जेसल पार्कात भाजीवाल्याला हाक मारली, की काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकवाले ब्रेक दाबायचे. त्या सकाळी त्यांच्या हातात रिकामी कळशी होती, मागे त्यांच्या बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं होती आणि शेजारी पाणीखात्याचा एक माणूस कागद घेऊन उभा होता. आमच्या सोसायटीने रस्त्यातल्या लाइनीला चोरून मोटर जोडलीय आणि ती त्यांच्या वाट्याचं पाणी ओढते, असा त्यांचा आरोप होता. आरोप शंभर टक्के खरा होता. मोटर मीच बसवून घेतली होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

आता सेक्रेटरी समोर उभा असताना त्यांना पंपकाकाच का हवे होते, ते सांगतो. पंपकाका म्हणजे आमच्या बिल्डिंगचे पंपवाले. नाव पास्कल, गाव उत्तनच्या बाजूला, जात कोळ्याची, धर्म ख्रिस्ती. तरुणपणी बोटींची इंजिनं दुरुस्त केली, बायको गेल्यावर आमच्याकडे आले आणि पंपरूमला लागून असलेल्या खोलीत राहिले. खोली एवढी लहान की त्यांनी कूस बदलली तर भिंतीवरचा क्रूस हलायचा. हा माणूस खोटं बोलत नसे. आपणही खोटं फारसं बोलत नाही, पण आपलं न बोलणं वेगळं. त्यांचं खोटं न बोलणं म्हणजे पायात काटा मोडल्यासारखं, सगळ्या बिल्डिंगला चालताना कळायचं.

एकदा आमच्या चेअरमननी त्यांना बजावून ठेवलं, की पतपेढीचा माणूस आला तर मी घरात नाही म्हणून सांगा. माणूस आला. काका म्हणाले, "घरात हायत. न्हाय म्हणून सांगायला सांगितलंय." चेअरमन दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पाणी आलं नाही तेव्हा बोलले. पोरांचंही तेच. क्रिकेटमध्ये आऊट की नॉटआऊट ठरेना, की सगळी टोळी पंपरूमकडे धावायची. काकांनी बॉल पाहिला असेल तर निकाल, नसेल तर "मना दिसलं न्हाय". त्या तीन शब्दांवर आमच्या बिल्डिंगमध्ये मॅचच्या मॅच पुन्हा खेळल्या गेल्यात.

धर्माचं त्यांनी कधी कुणाला दोन शब्द सांगितले नाहीत. पत्रक नाही, पुस्तक नाही, चर्चमध्ये या म्हणून आग्रह नाही. पंपाचं बटण दाबण्याआधी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण करायचे, एवढंच. मला वाटायचं, करंट लागू नये म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाले, "पानी माझं न्हाय. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारायला नको?" चार मजल्यांचे चार व्हॉल्व्ह ते फेरे मोजून फिरवायचे. पहिल्यावर चेअरमन, चौथ्यावर भाड्याने राहणारी चार पोरं. दोघांना पाणी सारखं. चेअरमनच्या टाकीत थोडं जास्त सोडा, असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी मला व्हॉल्व्हच्या चाकासमोर नेलं आणि विचारलं, "याच्यावर नाव कुठं लिवलंय दाखव." उत्तनकडची माणसं देवालाही अरेतुरे करतात, तिथे सेक्रेटरीचं काय.

जमिनीखालची टाकी साफ करायला आम्ही माणसं बोलवायचो. काकांनी ते बंद केलं. ते स्वतः उतरायचे, दिवाळीआधी एकदा आणि ईस्टरआधी एकदा. वर आले की गुडघे सोललेले. मी म्हटलं, काका, या वयात कशाला? तर म्हणे, "टाकीत गुडघ्यावरच चालायला लागतं. मना सवय हाय." आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसले की समोरच्यालाही थोडं हलकं वाटायचं.

त्या वर्षी पाणी एक दिवस आड झालं, तेही सकाळी सहाला पाऊण तास. टँकरसाठी भांडणं, बादल्यांवर नावं, मीटिंगला अख्खी बिल्डिंग माझ्या अंगावर. मी फुशारकीने म्हणालो, पंधरा दिवसांत नळाला समुद्र आणून दाखवतो. आणला. दोन हॉर्सपॉवरची मोटर थेट लाइनीवर. पहिल्याच दिवशी आमची टाकी वाहिली, बायकांनी मला ओवाळायचंच बाकी ठेवलं. त्याच दिवशी बाजूच्या बिल्डिंगमध्ये नळातून नुसती हवा आली.

काका मोटरकडे बघत उभे राहिले. "याचं बटण मी दाबनार न्हाय," म्हणाले. मी म्हटलं, नका दाबू, मी दाबेन, तुम्ही तिकडे बघूसुद्धा नका. "बघनार," ते म्हणाले. "डोळे हायत." तेव्हापासून पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला पायजम्यावर पंपरूममध्ये जाऊन मी बटण दाबायचो आणि ते दारात उभे राहायचे. रागाने नाही, टोमणा नाही. नुसते उभे. मी आयुष्यात शाळेत, ऑफिसात, सासऱ्यांच्या पुढ्यात बेधडक थापा मारल्यात, पण त्या दारातून बाहेर पडताना मला दर वेळी शर्टाची बटणं चुकल्यासारखं वाटायचं.

आठवड्याभराने पाहिलं, तर काका दोन कॅन घेऊन बाजूच्या बिल्डिंगचे तीन जिने चढत होते. मंदाताईंचे सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना पाणी लागायचं सगळ्यात जास्त. आमच्या टाकीतला काकांच्या खोलीचा जो वाटा, तो सगळाच्या सगळा ते तिथे पोचवत होते. स्वतः अंघोळ कुठे करायचे देव जाणे. मंदाताई त्यांना चहा द्यायच्या, सासरे त्यांना जवळ बसवून घ्यायचे. पाणी का आणता, असं मंदाताईंनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र जिन्यात गाठून चिडवलं, "काय काका, प्रायश्चित्त का?" ते म्हणाले, "तुझं चाललंय. माझं नुसतं पानी चाललंय."

तर ती सकाळ. काकांना बोलावलं. पाणीखात्याच्या माणसाने मोटर शोधून काढली होतीच, आता त्याला कागदावर एक नाव हवं होतं. मंदाताई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणाल ते मी मानीन. कोण चालवतं ही?"

"मी न्हाय," काका म्हणाले. "जो चालवतो, तो आपनच सांगंल."

आणि ते थांबले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे मला पाहिजे तेवढी जागा मोकळी करून दिली. किती वेळ गेला असेल? मी नेहमीच्या सवयीने अर्धा तास म्हणून सांगतो, पण दहा सेकंदही नसतील. दहा सेकंद पुरेसे होते. सोसायटीची अब्रू, माझी नोकरी, घरातली पोरं, सगळं डोक्यातून गेलं आणि मी बोललो. मी म्हणालो, पंपरूमची चावी यांच्याच कमरेला असते. म्हणालो, वय झालंय, विसरतात. मंदाताईंचा चेहरा काही हलेना, तेव्हा मी म्हणालो, "ताई, जरा विचार करा. हे तुम्हालाच पाणी का पोचवत होते? मनाला टोचत होतं म्हणूनच ना?"

मंदाताईंच्या हातातली कळशी खाली आली. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांना उत्तर द्यायचं तर माझं नाव घ्यावं लागणार होतं. मग मंदाताई, ज्यांचा आवाज मी मघाशी काशीमीऱ्यापर्यंत पोचवला, त्या एक शब्द न बोलता वळून निघून गेल्या.

पंपवाल्याने कमिटीला न विचारता मोटर जोडली आणि त्याला कामावरून काढलं आहे, हे पत्र मी लिहिलं. माझं अक्षर फार सुंदर आहे, सगळे म्हणतात. काकांनी कमरेची चावी सोडून माझ्या टेबलावर ठेवली. जाण्याआधी मला पंपरूममध्ये नेऊन तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह दाखवला, तो अडकतो, जोर लावू नको, ग्रीस लाव, म्हणाले. मग एक ट्रंक, भिंतीवरचा क्रूस आणि दोन रिकामे कॅन घेऊन रिक्षात बसले. त्यांना निरोप द्यायला बाजूच्या बिल्डिंगमधून कुणीही आलं नाही. मंदाताईंची खिडकी बंद होती.

मंदाताई त्यानंतरही आठ वर्षं शेजारी राहिल्या. रस्त्यात भेटल्या की पाण्याचा विषय निघायचा, कधी काकांचाही. माणूस ओळखता येत नाही हो, त्या म्हणायच्या. मी मान हलवायचो.

चौथ्या वर्षी मी काकांच्या गावी गेलो. बसमध्ये भाषण पाठ केलं होतं, असलं की ऐकून फादरही रडले असते. काका अंगणात बसून कुणाच्या तरी बोटीचा पंप खोलत होते. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला. मी सगळं बोललो. मोटर माझी, खोटं माझं, पत्र माझं. कॅनवरून बोललो ते सर्वांत वाईट, हेही बोललो. हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं, आणि या एका गोष्टीत मी काही वाढवून सांगत नाही.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. पूर्ण ऐकून घेतलं.

"मना तर पयलंच ठाव हाय," ते म्हणाले. "मंदाला सांगितलंस?"

"नाही," मी म्हणालो.