धार लावलेली खार

वाशीला माझ्या सासऱ्यांच्या घरी एक जर्मन खंजीर आहे. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर इटलीला गेले होते. शरण आलेल्या एका जर्मन अधिकाऱ्याच्या कमरेचा हा खंजीर त्यांनी आणला, असं घरात सांगतात. मूठ पिवळट, तिच्याखालच्या आडव्या पट्टीवर पंख पसरलेला गरुड, आणि गरुडाच्या पायात ते चिन्ह. सासूबाईंच्या मते ते कोणीतरी तिरकं काढलंय. म्हणून खंडेनवमीला त्या पाटावर आधी एक सरळ स्वस्तिक काढतात, मग त्यावर खंजीर ठेवतात. ते चिन्ह कोणाचं आणि त्याच्या नावाने काय काय झालं, हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तर सरळ करायलाच हवं."

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी शस्त्र साफ करायचा मान माझ्याकडे आला. मी महाप्याला कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. चिंच लावून घासलं, तेव्हा कळलं की ह्याला धारच नाही. बोथट शस्त्राची पूजा कशी करायची? विळीलासुद्धा आपण दसऱ्याआधी धार लावतो. भाजीच्या पिशवीत घालून खंजीर मार्केटबाहेर नेला. तिथे सायकलवर चाक फिरवणारा धारवाला बसतो. माझ्यापुढे एक बाई कात्री घेऊन उभ्या होत्या, त्यांनी मला आधी जाऊ दिलं. धारवाल्याने विचारलं, दोन्ही बाजूंनी? म्हटलं, दोन्ही. मुठीपर्यंत? म्हटलं, मुठीपर्यंत. ठिणग्या उडाल्या. मला फार समाधान वाटलं.

पुढे केव्हातरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. हे खंजीर लढायचे नव्हतेच, गणवेशावर मिरवायचे. त्यांना धार नसायचीच, आणि लावली की जमवणाऱ्यांच्या लेखी माल संपला. मी व्हिडिओ बंद केला आणि गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हा मी पाणी मागितलं होतं.

मग शेजारचे काका उपटले. बँकेतून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारे. गच्चीवरच्या एका कार्यक्रमात ते चारचौघांत म्हणाले की असले खंजीर आता कोणीही बनवतं. सासऱ्यांच्या वडिलांनी इटली सोडून मुंबईतल्याच बाजारातून आणला असेल. लोक हसले. सासरे हसले नाहीत. त्यांचा बाप खोटं बोलला, असा त्याचा अर्थ होता. दुसऱ्या दिवसापासून ते लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागले, काका भेटू नयेत म्हणून. डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, चौथा मजला.

शेवटी काकांनीच, जुनी शस्त्रं जमवणारे एक ओळखीचे गृहस्थ रविवारी चहाला आणले. त्यांनी भिंग काढलं. म्यान पाहिलं, मान हलवली. मूठ पाहिली, म्हणाले जुनी आहे, हा पिवळेपणा नव्या नकलेत येत नाही. मग पात्याशी आले आणि थांबले. अस्सल पात्याच्या बुडाशी कारखान्याची खूण असते, इथे नुसता आरसा आहे. शिवाय धार. जुनी मूठ, नवं पातं, असं जोडकाम बाजारात खूप येतं, असं ते म्हणाले.

काकांनी बिस्कीट चहात बुडवलं. सासऱ्यांनी म्यान उचललं आणि आत काही नसताना फुंकर मारत बसले.

"धार मी लावली," मी म्हटलं. "मार्केटबाहेर. मुठीपर्यंत."

"तरीच," सासूबाई आतून म्हणाल्या, "कलिंगड एवढं सुरेख कापलं जातंय."

गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. काका मात्र बँकेतलेच. म्हणाले, धार लावली हे ठीक, पण आधी तिथे खूण होती कशावरून? जावईबापूंनी पाहिली होती का?

"पाहिली," मी म्हटलं.

"कसली होती?" गृहस्थ पुढे सरकले. "किल्ला? शिरस्त्राण? खार?"

"खार."

"खारच," सासरे म्हणाले. "शेपटी वर."

गृहस्थांनी भिंग खिशात ठेवलं. म्हणाले, तसं असेल तर मग अस्सल असणार, पण आता ह्याला कोणी काही देणार नाही. सासरे म्हणाले, विकायचाय कोणाला?

आता खरं सांगतो. मी खार पाहिली नव्हती. किल्लाही नाही. चिंच लावताना मी क्रिकेट बघत होतो. गृहस्थांनी शेवटी जे नाव घेतलं तेच माझ्या तोंडातून निघालं. तिथे खूण असेलही, नसेलही. ते आता त्या चाकाला माहीत. आणि सासरे? ते इतकी वर्षं स्वतः ते पातं घासत आले. मुठीवरचा चरा न् चरा पाहुण्यांना दाखवणारा हा माणूस. त्यांच्या तोंडून त्या रविवारपर्यंत कधी खारीचं नाव ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं ह्यावर कधीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी काका बर्फीचा बॉक्स घेऊन आले. तुमच्या वडिलांबद्दल बोललो ते चुकलं, म्हणाले. सासऱ्यांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला, बॉक्स उघडून पहिल्यांदा माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं.

"घ्या," ते बर्फीकडे बघत म्हणाले. "एकट्याने कशी खाऊ मी?"