खंडेनवमीच्या पूजेतला मोबाइल

भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमधली ती मुलगी अजून माझ्या लक्षात आहे. वडील कामाला होते ती कंपनी बंद पडलेली, आई रहाटणीत लोकांकडे स्वयंपाकाला जायची. अशा घरातून तिने बी.कॉम. केलं. घराण्यातली पहिली पदवी. आमच्या घरातही पहिला पदवीधर मीच, त्यामुळे ती पदवी कशी मिळते हे मला कुणी सांगायला नको होतं. त्याच मुलीवर चोरीचा आळ आला.

दसऱ्यानंतर वर्कशॉपचे मालक आमच्या पोलीस ठाण्यात आले. जुन्या गावातले, बोलायला मोकळे. नवमीच्या दुपारी त्यांच्या खात्यातून मोठी रक्कम गेली होती.

"सायेब, तिलाच घ्या आत. हिशेब तीच बघती. बँकेचा मोबाइलबी तिच्याच हातात असतो."

पाठोपाठ खबरही आली, की पोरीने नवी स्कूटर घेतली आहे. चौकशी केली तर स्कूटर जुनीच, हप्ते चालू असलेली. आळ आला की लोकांना माणसाची चप्पलसुद्धा नवी दिसते.

महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी मुलीचा जबाब घेतला. वडील बाहेर बाकावर होते. तिची उत्तरं सरळ होती.

"पैसे गेले तेव्हा मोबाइल कुठे होता?"

"पूजेत, सर."

"कसल्या पूजेत?"

"खंडेनवमीच्या. मालकीणबाईंनी माझ्या हातून घेतला, पाने-हातोड्यांशेजारी ठेवला, कुंकू लावलं. मग शटर ओढून चावी घेऊन गेल्या."

मालकीणबाईंना बोलावलं. "व्हय, मीच ठिवला. दसऱ्याला सकाळी नारळ फोडूनच उचलला. पूजेतली वस्तू मधी कोण हलवंल?"

आमचे हवालदार हळूच म्हणाले, "राव, मग ओटीपी काय देवानं सांगितला?"

हसू आलं, पण प्रश्न नेमका होता. बंद शटरआड पडलेल्या फोनवरचा ओटीपी बाहेर गेला कसा? पंचनामा करून फोन सायबर शाखेकडे पाठवला. उत्तर आलं, फोनमधलं हिशेबाचं अ‍ॅप आलेला प्रत्येक मेसेज बाहेर पाठवत होतं.

मालकांना पुन्हा बोलावून समोर बसवलं; मुलगी आणि तिचे वडीलही त्या दिवशी बाहेर बाकावर होते. "हे अ‍ॅप कुणी निवडलं?"

"मीच. ग्रुपवर लिंक आली व्हती. फुकट हाय, बँकेच्या एन्ट्र्या आपसूक चढत्यात म्हनं. पासवर्ड मागितला, दिला. पोरगी दुसरं सांगत व्हती."

मुलीने सुचवलेलंही फुकटच होतं. पण ते बँकेचा पासवर्ड मागत नव्हतं, मेसेज वाचायची परवानगी मागत नव्हतं, आणि हिशेब हवा तेव्हा उतरवून घेता येत होता. बनवणाऱ्या कंपनीचा पत्ताही होता. पण त्यात एन्ट्र्या हाताने कराव्या लागत, म्हणून मालकांना ते कमी वाटलं.

"मग पासवर्ड दिल्याचं आधी का नाही सांगितलंत?"

"सायेब, गावात हसतील की."

हसं होऊ नये म्हणून ते एका मुलीला कोठडीत पाठवायला निघाले होते. नोकरीत मी असली माणसं खूप पाहिली. ती वाईट नसतात, भित्री असतात. फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दलही माझं मत तिथेच पक्कं झालं: ते खुशाल वापरावं, पण हिशेब लिहायला त्याला आपल्या तिजोरीची चावी कशाला लागते, हे आधी विचारावं.

मालक उठले, बाहेर बाकापाशी गेले आणि मुलीच्या वडिलांपुढे हात जोडले. "पोरीला सोमवारपासून धाडा."

वडिलांच्या आधी शेजारी बसलेली मुलगीच म्हणाली, "नको काका. तुमचा सगळा हिशेब बरोबर आहे, तेवढा बघून घ्या."

पुढे पैसे ज्या खात्यात वळले होते ते गोठवलं गेलं, ते अ‍ॅप चालवणाऱ्या दोघांना अटक झाली आणि बरीचशी रक्कम कोर्टाच्या हुकमाने परत मिळाली. मुलीच्या नावावर गुन्हा दाखल झाला नाही. आज चाकणला तिचं स्वतःचं ऑफिस आहे आणि छोट्या कारखानदारांचे हिशेब ती सांभाळते.